पाच दिवसांची गोळी

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. नाशिकच्या एका पतसंस्थेत काउंटरला बसते, सिडकोत राहते. खाली जे डोस आणि आकडे आलेत ते माझ्या फाइलमधले, माझ्यासाठी लिहून दिलेले आहेत. कृपा करून कुणी ते उचलून स्वतःला लावू नका. मी नेमकं तेच केलं होतं.

शिंका मला लग्नाआधीपासूनच्या. सकाळी उठलं की पंधरा-वीस, मग नाक गळणार, टाळू खाजणार, साडेदहा-अकरापर्यंत उतार. २०२२ मध्ये नवरात्राच्या आधी घर आवरायला काढलं, माळ्यावरची भांडी, गाद्या, सगळं. त्यानंतर शिंका दिवसभर थांबेचनात. दिवस करोनानंतरचे. काउंटरवर एक शिंक आली की समोरचा खातेदार दोन पावलं मागे सरकायचा.

११ ऑक्टोबर २०२२ ला गल्लीतल्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रात्री घ्यायची अ‍ॅलर्जीची गोळी दिली आणि एक छोटी पांढरी गोळी लिहिली: बीटामेथासोन ०.५ मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ, पाच दिवस. '५ दिवस' या शब्दांभोवती त्यांनी पेनाने गोलही केला होता. ती चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे, त्यामुळे डॉक्टरांच्या नावाने बोटं मोडायची सोय नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले आणि शिंक नाही. एकही नाही. चहात आलं घातलंय हे मला वासावरून कळलं. ज्याला असा त्रास नाही त्याला यातलं सुख समजणार नाही. पाच दिवस संपले, आठवडाभर बरं गेलं, आणि पुन्हा सुरू झालं. चिठ्ठीचा फोटो मोबाइलमध्ये होताच. मेडिकलवाल्या काकांना दाखवला, त्यांनी पट्टी दिली. तिसऱ्या वेळी त्यांनी फोटो मागितला नाही. पुढे तर मी दुकानाशी गाडी लावली की काका आतून पट्टी घेऊनच यायचे. वीस गोळ्यांची पट्टी, दहा-बारा रुपये. इतक्या स्वस्त गोळीने कुणाचं काय बिघडणार, असं मला खरोखर वाटायचं.

जानेवारी २०२३ पासून रोज एक. गाजरगवत फुलल्यावर, दिवाळीच्या साफसफाईत, थंडीत, रोज दोन.

आता मागे वळून बघताना सगळं लख्ख दिसतं, पण तेव्हा प्रत्येक गोष्टीला दुसरं कारण तयार असायचं. वजन ५८ वरून ६९ झालं, म्हणजे चाळिशी आली. मानेमागे मऊ गोळा आला, तो कॉम्प्युटरमुळे. रात्री तीनला टक्क जाग येऊन मी डबे घासत बसायचे, तो माझा स्वभाव. दंडावर, मनगटावर जरा कुठे लागलं की निळे डाग, ते बांगड्यांमुळे. खाली बसून भाजी निवडली की उठताना ओट्याला हात धरावा लागायचा, ते वजनामुळे. आणि आपल्याकडे चेहरा गोल झाला की लोक काळजी करत नाहीत, कौतुक करतात. 'तब्येत सुधारली हो तुझी!' हे वाक्य मी त्या वर्षात इतक्यांदा ऐकलं की मलाही ते पटलं. हात-पाय पूर्वीसारखेच काटकुळे आणि गाल तेवढे पुरीसारखे फुगलेले, हे विचित्र आहे, असं कुणालाच वाटलं नाही.

शंका घेतली ती फक्त ऑफिसच्या हजेरीच्या मशीनने. चेहरा दाखवून हजेरी लावायची असते. डिसेंबर २०२३ मध्ये ते मला ओळखेना. चष्मा काढला, केस मागे घेतले, उजेडात उभी राहिले, तरी 'चेहरा जुळत नाही'. तीन दिवस माझी हजेरी वहीत लागली. मग आमच्या संगणकवाल्या पोराने जुना फोटो पुसून माझा नवा चेहरा भरून दिला. आम्ही दोघंही हसलो त्यावर. दुसऱ्यांची केवायसी तपासण्यात दिवस जातो माझा. फोटो जुळत नसेल तर खातं उघडत नाही आम्ही.

मार्च २०२४ मध्ये ऑफिसात तपासणी शिबिर झालं. उपाशीपोटीची साखर ठीक निघाली, जेवणानंतरची २१४. 'मधुमेहाची सुरुवात, भात कमी करा' असं सांगितलं. भात कमी केला. गोळी चालूच.

आखाजीला माहेरी सटाण्याला गेले. १० मे २०२४, शुक्रवार. भाचा डी. फार्म. करतोय. मी पर्समधून गोळी काढून पाण्याबरोबर टाकली, तशी त्याने पट्टी हातात घेतली. डाव्या कडेला उभी लाल रेघ असते, ती दाखवली. म्हणाला, "आत्या, हे स्टिरॉइड आहे. शेड्यूल एच. चिठ्ठीशिवाय देतच नाहीत." मी म्हटलं, मला तर देतात. "रोज घेतेस? किती दिवस?" मी हिशेब केला आणि माझ्याच पोटात गोळा आला. अक्षय्य तृतीया, साडेतीन मुहूर्तांतला एक. त्याच दिवशी ठरवलं, आजपासून बंद. उरलेल्या गोळ्या मोरीत टाकल्या. वहिनी म्हणाली, बरं केलंस.

या सगळ्या प्रकरणातली सगळ्यात मोठी चूक हीच होती. घेण्यापेक्षा हे मोठं.

पहिले तीन दिवस काही नाही. ही गोळी अंगात दीड-दोन दिवस रेंगाळते, हे नंतर कळलं. १४ तारखेला पाय लटपटायला लागले. १५ ला जेवण नकोसं झालं, सांधे दुखू लागले, लोणच्याचा खार मात्र चाटावासा वाटायचा. मे महिना, नाशिक तापलेलं. सगळ्यांचं एकमत, ऊन लागलं. सासूबाईंनी कैरीचं पन्हं केलं, पायाला कांदा चोळला. १६ ला उलट्या सुरू झाल्या. १७ ला सकाळी बाथरूममधून येताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी दारातच बसले. ह्यांनी रिक्षा बोलावून मुंबई नाक्याजवळच्या एका खासगी रुग्णालयात नेलं.

बीपी ८०/५०. वीस हजार डिपॉझिट भरा, मग वर बेड. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरने विचारलं, "सध्या कुठली गोळी चालू आहे का?" मी म्हटलं, नाही. खोटं नव्हतं ते, बंद करून आठवडा झाला होता. त्याने कागदावर 'उलट्या, उष्माघात?' असं लिहिलं आणि सलाइन लावलं. सोडियम १२२ आलं, १३५ च्या वर हवं असतं. सलाइनची दुसरी बाटली संपत आली तरी बीपी नव्वदीच्या वर जाईना.

इथे नशीब धावून आलं. विम्याच्या खिडकीवर माझं आधार कार्ड मागितलं म्हणून ह्यांनी माझी पर्स पलंगावर उलटी केली. सुट्टे पैसे, कंगवा, सेफ्टी पिना आणि एक रिकामी पट्टी. तेवढ्यात मोठे डॉक्टर राउंडला आले. त्यांनी आधी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग मनगटावरच्या निळ्या डागांवर अंगठा फिरवला आणि पट्टी उचलली.

"ही कोण घेतं?"

"मी. अधूनमधून."

"अधूनमधून म्हणजे?"

"रोज एक. कधी दोन."

"आणि बंद कधी केली?"

"आखाजीला."

ते दोन क्षण काही बोलले नाहीत. सिस्टरला म्हणाले, कॉर्टिसोलसाठी रक्त घ्या आणि लगेच हायड्रोकॉर्टिसोन शंभर मिलिग्रॅम शिरेतून द्या, रिपोर्टची वाट बघू नका. दुपारी तीनला इंजेक्शन गेलं. रात्री आठला मी भाकरी मागितली. कॉर्टिसोल आलं ०.९, म्हणजे नावापुरतंच.

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची ओढून समजावलं. दोन्ही मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन छोट्या ग्रंथी असतात. कॉर्टिसोल त्या बनवतात. बीपी, साखर, आजारात तग धरणं, सगळं त्यावर. मेंदूतली पिट्युटरी त्यांना रोज पहाटे निरोप धाडते. बाहेरून त्याच जातीचं औषध महिनोन्‌महिने येत राहिलं की निरोप थांबतो आणि ग्रंथी निजतात. "तुम्ही आयतं बंद केलंत, पण त्यांना उठवायला कुणी गेलंच नाही, ताई." आणि माझी गोळी दिसायला एवढीशी असली तरी त्या जातीत जोरदार. बीटामेथासोन पाऊण मिलिग्रॅम म्हणजे शरीरातल्या हायड्रोकॉर्टिसोनच्या, म्हणजे कॉर्टिसोलच्याच, सुमारे वीस मिलिग्रॅमच्या तोडीचं. नुसत्या मिलिग्रॅमवर जाऊ नका, म्हणाले.

२० मे ला मतदान होतं. माझं नाव यादीत, मी वॉर्डात. सकाळच्या सिस्टर उशिरा आल्या, सलाइन बदलताना त्यांच्या बोटावरची ताजी शाई तेवढी दिसली.

२१ ला सकाळी अकराला डिस्चार्ज सांगितला, प्रत्यक्ष घरी निघालो रात्री साडेसातला. कॅशलेस अडकलं होतं. विम्याकडून विचारणा आली: हे औषध कुणाच्या सल्ल्याने, कधीपासून, पहिल्या तपासणीचा कागद जोडा. तेव्हा ती ऑक्टोबर २०२२ ची चिठ्ठी कामी आली. मुलाने घरून तिचा फोटो पाठवला, डॉक्टरांनी लेटरहेडवर चार ओळी लिहून दिल्या. त्यात 'रुग्णाने औषध स्वतःहून चालू ठेवले' हे वाक्य होतं. ह्यांना ते काढून टाकावं असं वाटत होतं. मी नको म्हटलं, खरं तेच होतं. बिल ४७,३००, मंजूर ३९,१५०, उरलेले ८,१५० आमचे. हातमोजे, कापूस, नोंदणी शुल्क वगैरे. जुन्या चिठ्ठ्या टाकू नका, एवढं मी प्रत्येकाला सांगते.

हॉर्मोनचे डॉक्टर म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्ट. त्यांची वेळ मिळाली दहा दिवसांनी, ३१ मे ला. फी हजार, पुढच्या वेळी सातशे. त्यांनी आधी विचारलं, त्वचेची क्रीम? दम्याचा पंप? गुडघ्यात इंजेक्शन? पुड्या, काढे, आयुर्वेदिक म्हणून घेतलेलं काही? हे सगळं मोजतात. मग हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळ्या ठरल्या: सकाळी उठल्याबरोबर १० मिलिग्रॅम, दुपारी तीनला ५ मिलिग्रॅम. शरीर स्वतः सकाळीच जास्त बनवतं, म्हणून सकाळची मोठी. मला धक्का याचा बसला की स्टिरॉइड सुटायला स्टिरॉइडच घ्यायचं. "किती दिवस?" विचारलं तर म्हणाले, महिने विचारा.

एक कागद दिला, त्याची लॅमिनेट केलेली प्रत अजून माझ्या पर्समध्ये आहे. ताप आला तर डोस दुप्पट, बरं वाटेपर्यंत. उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर थेट रुग्णालय, हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम इंजेक्शन. दात काढायचा असो की कुठलं ऑपरेशन, आधी सांगायचं. गौरी जेवायच्या दिवशी मला १०१ ताप होता, तेव्हा तो कागद फ्रिजवर चिकटवलेला बघूनच सासूबाईंनी मला दुसरी गोळी आणून दिली.

गंमत ऐका. या गोळ्या सिडकोत सहज मिळेनात. ऑर्डर टाकून दोन-तीन दिवस लागायचे, म्हणून मी पंधरा दिवसांच्या शिल्लक ठेवायला शिकले. आणि काकांकडे गेले तर ते म्हणाले, "चिठ्ठी आहे का? ही चिठ्ठीशिवाय नाही देत आम्ही." मी त्यांच्याकडे बघत राहिले. मग सगळं सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण म्हणाले, "मी नाही दिली तर पुढच्या दुकानात मिळते, ताई." तेही खोटं नाही. तक्रार करावी का, यावर घरात बरीच चर्चा झाली. मी नाही केली. लॉकडाउनमध्ये याच माणसाने सासऱ्यांची बीपीची औषधं दोन महिने उधारीवर दिली होती. हे बरोबर केलं की चूक, मला अजून ठरवता आलेलं नाही.

पण दुष्परिणामाची नोंद मात्र केली. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी सरकारी व्यवस्था आहे, फोन फुकट: १८००-१८०-३०२४. रुग्ण स्वतः कळवू शकतो, आणि रुग्णांसाठीचा अर्ज मराठीतही आहे. औषधाचं नाव, कधी सुरू, कधी बंद, काय झालं, एवढंच. कुणावर खटला वगैरे नसतो तो.

जून ते ऑगस्ट हा काळ सगळ्यात वाईट गेला, आणि त्याबद्दल मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. जीवाला धोका नाही, गोळ्या वेळेवर, तरी अंग मोडून आल्यासारखं. दुपारी काउंटरवर नोटा मोजताना डोळ्यात पाणी यायचं, विनाकारण. डॉक्टर म्हणाले, इतके दिवस शरीराला जास्तीची सवय होती, आता बेताचं मिळतंय, ते कुरकुरतंय. हाडांची डेक्सा तपासणी केली, २,२०० रुपये. कंबरेची घनता थोडी कमी निघाली, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व सुरू झालं. डोळेही तपासले, कारण याने मोतीबिंदू होतो, डोळ्यातला दाबही वाढतो. दोन्ही ठीक.

आणि शिंका? त्या व्याजासकट परत आल्या.

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांनी नाकात मारायचा मोमेटासोनचा फवारा दिला. मी उठूनच उभी राहिले. हेही स्टिरॉइड! त्यांनी बसवलं. हे नाकापुरतं काम करतं, रक्तात फारच थोडं जातं. दोघा डॉक्टरांचं त्यावर बोलणंही झालं. फवारा मारायची रीत असते: मान किंचित पुढे, उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्याने उजव्या, टोक मधल्या पडद्याकडे नाही तर बाहेर कानाच्या दिशेला. आणि जोरात ओढायचं नाही, नाहीतर सगळं घशात. आठ-दहा दिवस काही फरक पडला नाही. पूर्वीची मी असते तर तिसऱ्या दिवशी सोडून दिला असता. सोबत मिठाच्या पाण्याने नाक धुणं, पाणी उकळून गार केलेलंच.

ऑक्टोबरमध्ये त्वचेवरची अ‍ॅलर्जीची चाचणी केली, ४,००० रुपये. त्याआधी सात दिवस अ‍ॅलर्जीची गोळी बंद ठेवावी लागते. ते सात दिवस कसे काढले, ते माझे रुमाल जाणोत. हातावर पेनाने आकडे घालून एकेक थेंब आणि त्यातून सुईचं हलकं टोचणं. वीस मिनिटं हात न खाजवता बसायचं. मी इतकी वर्षं गाजरगवताला, द्राक्षबागांच्या फवारणीला, अंबडच्या धुराला शिव्या देत होते. गाजरगवताच्या जागी किंचित लाली आली. गांधी उठली ती धुळीतल्या सूक्ष्म किड्यांच्या थेंबावर, रुपयाएवढी. म्हणजे शत्रू माझ्याच गादीत होता. लग्नातली कापसाची गादी, एकोणीस वर्षांची, तीच मी नवरात्राआधी गच्चीवर बडवली होती. ती दिली, नव्या गादीला आणि उशांना किडे न शिरणारी चेनची खोळ घातली, ३,६०० रुपये. चादरी आठवड्याला कढत पाण्यात.

कॉर्टिसोलची तपासणी सकाळी आठच्या सुमारास. आदल्या दिवशीची दुपारची गोळी घ्यायची नाही, त्या दिवशीची सकाळची रक्त दिल्यावर लगेच. डबीत घालून बरोबर न्यायची, सोबत बिस्किटं. एकदा ५५० रुपये. २४ ऑगस्टला ३.६, डोस तोच. २३ नोव्हेंबरला, विधानसभेच्या मतमोजणीच्या दिवशी, ६.८. प्रयोगशाळेतला टीव्ही मोठ्याने चालू, रक्त काढणाऱ्याचं अर्धं लक्ष तिकडे. दुपारची गोळी बंद झाली. २२ फेब्रुवारी २०२५ ला ११.९. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला आणि सकाळचीही बंद केली. मोठ्या आजारात वर्षभर तरी तो लॅमिनेटचा कागद दाखवायचा, हे बजावलं. तीन महिन्यांची साखरेची सरासरी ७.१ वरून ५.९ वर आली. वजन ६१. मांड्यांवरचे जांभळे पट्टे पांढुरके झालेत, जाणार नाहीत.

खर्चाचं विचारतात म्हणून: विम्याने भरलं ते सोडून पस्तीस हजारांच्या घरात. सोळा महिन्यांत खाल्लेल्या गोळ्यांची किंमत मी एकदा काढली, चारशे रुपये झाली.

सकाळी अजून चार-पाच शिंका येतात. फवारा चालू आहे.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात हजेरीचं मशीन पुन्हा अडलं. 'चेहरा जुळत नाही.' आत गोल चेहरा भरलेला होता ना, डिसेंबर २०२३ चा. संगणकवाल्या पोराला बोलावलं. त्याने मशीन उघडलं, जुना फोटो पुसला आणि म्हणाला, "मॅडम, एकदा काय ते ठरवा तुम्ही."